‘नारुतो’ या जपानी चित्रकथेवर, म्हणजे मंगावर, हॉलिवूडचा चित्रपट येणार म्हणतात; मंगाच्या चाहत्यांना वाटणारी धास्ती रास्त आहे का?

धास्ती रास्त आहे, पण चाहते बहुधा भलत्याच गोष्टीला घाबरतात. इतकी वर्षे वाट पाहिल्यावर आनंद व्हायचा सोडून पोटात गोळा का येतो, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नायकाचे केस, डोळे आणि पोशाख यांवर जेवढी शाई सांडली जाते, तेवढी त्यांची योग्यता नाही. आजवर ज्यांची माती झाली त्या बहुतेक चित्रपटांत पात्राचा स्वभाव बदलला होता, आणि तो बदलताना मूळ लेखकाला अडवण्याचा अधिकार नव्हता किंवा त्याचे कोणी ऐकले नव्हते.

उत्तर लांबणार आहे, कारण याच विषयावरून आमच्या घरात २०१७ पासून एक वाद चालू आहे. त्या वर्षी गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला होती आणि नेटफ्लिक्सने अमेरिकन ‘डेथ नोट’ नेमका त्याच दिवशी आणला. आमचा गणपती दीड दिवसाचा असल्यामुळे सगळी भावंडे मुक्कामाला होती, आणि रात्रीची आरती व जेवणे आटोपल्यावर माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, तो टीव्हीवर लावला. दादा मुंबईत मालिकांचे संकलन करतो, त्यामुळे पडद्याविषयीचा शेवटचा शब्द आपलाच, असा त्याचा समज आहे. मी तेव्हा जपानी भाषेच्या परीक्षेची तयारी करत होते आणि ओबा-ओबाता या जोडीची ती मूळ मंगा मालिका, कांजी या जपानी चित्रलिपीशेजारी बारीक अक्षरांत छापलेल्या उच्चारांच्या आधाराने, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून काढली होती. इतक्या कष्टाने ओळख झालेल्या पात्राविषयी माणूस तटस्थ राहू शकत नाही, आणि राहूही नये.

मूळ कथेत लाइट यागामी या शाळकरी मुलाला एक वही सापडते; तिच्यात ज्याचे नाव लिहावे तो मरतो. त्या वहीचा मालक, मृत्युदेव र्‍यूक पहिल्यांदा समोर येतो तेव्हा लाइट खुर्चीवरून पडतो खरा, पण क्षणात सावरतो आणि आपण त्याची वाटच पाहत होतो असे सांगतो. तोवर त्याने वहीची पाने नावांनी भरलेली असतात. चित्रपटातला लाइट टर्नर त्याच प्रसंगी जिवाच्या आकांताने किंचाळत वर्गभर पळतो. मी म्हटले, “हा लाइट नाहीच.” दादा म्हणाला, “अगं, सिएटलमधला शाळकरी पोरगा आहे तो, ओरडणार नाही तर काय करणार? आणि त्या लोकांनी हक्क विकलेत, पैसे मोजून घेतलेत. मग तुम्ही मंडळी कशाला गळा काढताय?” उद्या विसर्जन आहे, आता झोपा, असे मावशीने बजावेपर्यंत हे चालले, आणि नंतरच्या प्रत्येक गणपतीत मागील पानावरून पुढे चालू राहिले.

दादाचा पहिला मुद्दा वरवर बरोबर वाटतो. देश बदलला तर माणूस बदलणारच. पण लाइट घाबरत नाही, हीच त्या कथेतली भीतीची गोष्ट आहे. शाळेत पहिला येणारा, पोलीस अधिकाऱ्याचा सज्जन दिसणारा मुलगा शांत डोक्याने खून करत सुटतो आणि ते करताना आपण न्याय करतो आहोत असे त्याला मनापासून वाटते. त्याला भेदरट केले की क्रौर्य दुसऱ्या कोणाच्या तरी माथी मारावे लागते, म्हणून चित्रपटात ते त्याची मैत्रीण मिया हिच्याकडे जाते. आणि लाइट दुबळा झाला की त्याच्याशी बुद्धीने झुंजणाऱ्या एल या गुप्तहेरालाही काही काम उरत नाही, म्हणून तो पिस्तूल घेऊन रस्त्यावरून धावू लागतो. सिएटलमध्ये शांत डोक्याची मुले जन्मतच नाहीत, असे तर नाही ना?

बदलाला माझा विरोध आहे असा मात्र समज करून घेऊ नये. ‘ओल्डबॉय’ ही मूळची जपानी मंगाच आहे. पार्क चान-वूक यांनी २००३ मध्ये तिच्यावर कोरियन चित्रपट केला तेव्हा नायकाची कैद दहा वर्षांची पंधरा केली आणि त्या कैदेमागचे कारणही मुळापासून बदलले. पण आपल्याला कोणी आणि का डांबले, या प्रश्नाने पोखरलेला माणूस तसाच ठेवला. २००४ मध्ये कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळाला. हॉलिवूडने २०१३ मध्ये तोच चित्रपट पुन्हा केला आणि त्यात जीव उरला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दादाचा दुसरा मुद्दा पैशांचा, आणि तो मला जास्त लागतो. २००९ च्या ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’विषयी मूळ मंगाकार अकिरा तोरियामा यांनी पुढे जाहीरपणे सांगितले की पटकथेत त्यांच्या जगाची समज फारच कमी होती, त्यांनी सावध केले, बदल सुचवले, पण समोरच्यांना स्वतःविषयी विलक्षण खात्री असल्यामुळे कोणी फारसे ऐकले नाही. त्या चित्रपटाचे पटकथाकार बेन रॅमसी यांनी २०१६ मध्ये चाहत्यांची माफी मागितली आणि आपण मालिकेचे चाहते म्हणून नव्हे, तर मोठ्या मोबदल्याच्या मागे लागून ते काम घेतले होते, असे कबूल केले. म्हणजे पैसे मोजून घेणारा मनुष्य त्या व्यवहारात होताच, फक्त दादा दाखवतो त्या बाजूला नव्हता. शिवाय हक्क विकले म्हणून लेखकाची तक्रार संपते असे मानले, तरी वाचकाची का संपावी? वाचकाने काहीच विकलेले नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मध्यंतरी एका वाहिनीने दादाने संकलित केलेल्या एका महत्त्वाच्या भागातली शांत दृश्ये त्याला न विचारता काढून टाकली आणि तिथे तीन-तीनदा चेहरे दाखवणारे ढणढणाटी तुकडे घातले. त्यानंतर कितीतरी दिवस त्याने सगळ्या नातेवाइकांना फोन करून आपल्या कामाची कशी वाट लावली ते ऐकवले. मानधन वेळेवर मिळाले होते. मी तसे त्याला विचारलेही, आणि त्याने फोन मावशीकडे दिला.

आता चेहऱ्यामोहऱ्याविषयी. ‘घोस्ट इन द शेल’ (२०१७) मध्ये स्कार्लेट जोहान्सनला घेतल्यावर गहजब झाला, आणि आशियाई वंशाच्या अमेरिकन कलाकारांचा त्यामागचा राग मला समजतो, कारण त्यांना एरवीही कामे मिळत नाहीत. परंतु १९९५ च्या अ‍ॅनिमेचे दिग्दर्शक मामोरु ओशी यांना त्या निवडीत काही गैर वाटले नव्हते. कथेची नायिका मेजर हिचे यंत्राचे शरीर मुळातच धारण केलेले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या दृष्टीने चित्रपट फसला तो दुसरीकडे. स्वतःच्या असण्याविषयी थंडपणे प्रश्न विचारणाऱ्या मेजरला हरवलेल्या भूतकाळासाठी तळमळणारी, एका दुष्ट कंपनीचा सूड घेणारी नायिका केले गेले. उलट ‘अलिता’मध्ये (२०१९) संगणकाने मोठे केलेले डोळे पाहून आधी सगळे हसले, पण युकितो किशिरो यांच्या मंगातली हट्टी, भांडखोर आणि भाबडी मुलगी पडद्यावर तशीच उतरली आणि चित्रपटाने जगभरात सुमारे ४० कोटी डॉलर मिळवले. ‘वन पीस’च्या मालिकेच्या वेळी तर मूळ मंगाकार एइचिरो ओदा यांनी २०२३ मध्ये चाहत्यांना पत्र लिहून सांगितले की आपले समाधान झाल्याशिवाय ती प्रदर्शित करायची नाही, हे नेटफ्लिक्सने मान्य केले आहे. चाहत्यांनी मागावे ते हे.

अर्थात लेखक सोबत असला की सगळे सुरळीत होते असेही नाही, हे सांगायला हवे. जपानमध्येच २०१५ साली ‘अ‍ॅटॅक ऑन टायटन’चे दोन भाग निघाले; त्यातले कितीतरी बदल मूळ मंगाकार इसायामा यांनीच सुचवले होते, आणि तरीही चाहते खवळले. शिवाय ‘वन पीस’ला पहिल्या खेपेला आठ भाग मिळाले होते; चित्रपटाला दोन-अडीच तास मिळतात, आणि नारुतोचे ७२ खंड आहेत. त्यामुळे पहिल्या चित्रपटात वाळीत टाकलेला, लक्ष वेधण्यासाठी खोड्या काढणारा तो एकटा पोरगा नीट उभा राहिला तरी पुष्कळ झाले. युद्धे, शेपट्यांचे राक्षस आणि शक्ती देणारे डोळे यांची घाई केली तर मी आधीच हात टेकले आहेत.

लायन्सगेट या हॉलिवूडच्या कंपनीने ‘नारुतो’च्या दिग्दर्शनाचे काम डेस्टिन डॅनियल क्रेटन यांना दिले आहे आणि मूळ मंगाकार मासाशी किशिमोतो यांनी त्याबद्दल आनंद व्यक्त केला आहे. आनंद व्यक्त करणे आणि नकार देण्याचा अधिकार असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तो अधिकार किशिमोतो यांच्या हाती आहे असे ठामपणे कळेपर्यंत मी तिकीट काढणार नाही. दादाने काढले तर खुशाल काढावे, फक्त मध्यंतरात मला फोन करू नये.