स्ट्रेस इकोत, म्हणजे हार्टला ताण देऊन केलेल्या सोनोग्राफीत, ईएफ (दर ठोक्याला हार्ट बाहेर फेकतं त्या रक्ताचा टक्का) 55 वरनं 65 झाला, हे वाईट काय?

नाही हो, चांगलंच आहे की! हार्टच्या डाव्या कप्प्यात 100 मिली रक्त भरलं नि त्यातलं 55 बाहेर फेकलं तर ईएफ 55, आणि ट्रेडमिलवर पळवल्यावर हार्ट जोरात आवळतंय म्हणून आकडा वाढायलाच पाहिजे, वाढला नाही किंवा उलट खाली आला तर मग डॉक्टर हार्टच्या रक्तवाहिनीत ब्लॉकेजचा संशय घेतात. ठोकेही 220 वजा वय, त्याच्या 85 टक्क्यांपर्यंत न्यायचे असतात, म्हणजे साठीच्या माणसाला 136.

आमच्या आईला खानापूरहून बेळगावला नेलेलं, गुडघ्यामुळं ट्रेडमिल जमेना, मग सलाईनमधनं डोब्युटामिन, म्हणजे हार्टला पळाल्यासारखं जोरात चालवणारं औषध, दर तीन मिनिटाला डोस वाढवत. "छातीत मळणी चाललीय बघ" म्हणाली. डाव्या कुशीवर झोपवून श्वास धरायला लावत होते, कारण फुप्फुस मधे आलं की चित्र धूसर. ट्रेडमिलवाल्यांची पळून झाल्यावर तर मिनिटभरात चित्रं घ्यावी लागतात, नाहीतर ठोके उतरतात.

पण नुसत्या ईएफवर जाऊ नका, मोजणाऱ्यागणिक चार-पाच टक्के इकडंतिकडं होतंय, हार्टच्या भिंतीचा कुठला भाग कमी हलतोय काय ते रिपोर्टमध्ये बघा, खरं तिथंच कळतंय.