आधी पोराला चालवून बघ

अगं तुझा मेसेज रात्री साडेअकराला बघितला, तेव्हा टाइप करायचा कंटाळा आला, आता ओपीडी उघडायच्या आधी चहा घेत लिहितोय, लांबलं तर सांभाळून घे. तू तुझ्या पेशंटच्या रिपोर्टचा फोटो पाठवलास, सहा वर्षांचा मुलगा, पाय दुखतात, रक्तात एएसओ ३१०, आणि खाली विचारलंयस "काका पेनिसिलिन सुरू करू का?" सगळं लिहिलंस, वजन लिहिलंस, हिमोग्लोबिन लिहिलंस, पण पोरगा चालतो कसा ते कुठेच नाही.

एएसओ वाढला म्हणजे मागे कधीतरी घशात स्ट्रेप्टोकोकस हा जंतू येऊन गेला, बस. आपल्याकडच्या शाळेतल्या पोरांचे घसे सारखेच धरलेले असतात, त्यांच्यात दोनशेच्या वर आकडा सर्रास सापडतो. तेवढ्यावर संधिवाताचा ताप, म्हणजे सांधे आणि हृदय धरणारा ऱ्हुमॅटिक फीव्हर, असा शिक्का मारलास तर त्या पोराला वर्षानुवर्षं दर तीन आठवड्यांनी कुल्ल्यात सुई आणि आईला आयुष्यभराची धास्ती, पोरगं धावलं की ती म्हणणार हळू रे, हार्ट आहे तुझं. खरा ऱ्हुमॅटिक फीव्हर आपल्याकडे अजून आहे, तो सोडायचा नाहीच, पण त्यात मोठा सांधा धरतो, गरम असतो, पोर हात लावू देत नाही, बहुतेक वेळा एक उतरला की दुसरा धरतो. आणि छातीला स्टेथो लावून नीट ऐक, गर्दीच्या वेळी आपण हेच विसरतो. तसं वाटलं तर दुखायच्या गोळ्या घाईने देऊ नकोस, सांध्यामागून सांधा धरायचा तो पॅटर्नच मग दिसत नाही.

माझा अंदाज तुझ्या पेशंटचं साधं वाढीचं दुखणं असेल. रात्री झोपेतून उठून रडतं, आई पोटऱ्या दाबून देते, तेल लावते, अर्ध्या तासात झोपतं आणि सकाळी बघावं तर गल्लीत क्रिकेट. दोन्ही पाय, दुखतं नडगीला, पोटरीला, मांडीला, सांध्यात नाही, दिवसा काही नाही. नाव मात्र गमतीशीर आहे, कारण ज्या वयात पोरं ताडमाड वाढतात त्या वयात हे फारसं दिसतच नाही. एकाच पायाला सारखं दुखत असेल, दिवसा दुखत असेल, पोर खेळायचं सोडून बसत असेल तर मात्र ते वाढीचं नाही. आणि लंगडतंय तर मुळीच नाही, हे एक वाक्य टेबलाच्या काचेखाली ठेव.

मी ते ठेवलं नव्हतं, त्याची किंमत दुसऱ्याने दिली. प्रॅक्टिसच्या चौथ्या पाचव्या वर्षी बारा वर्षांचा, अंगाने जाडजूड मुलगा आला, गुडघा दुखतो म्हणून, मी गुडघा दाबला, गुडघ्याचा एक्सरे काढायला सांगितला, एक्सरे स्वच्छ, मलम आणि गोळ्या दिल्या, तीन आठवडे हाच कार्यक्रम. चौथ्यांदा आला तेव्हा लाइट गेली होती म्हणून मी बाहेर पायरीवर उभा होतो, आणि तो रिक्षातून उतरून चालत येताना दिसला, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं, एक बाजू टाकत टाकत. आत घेऊन टेबलावर झोपवला, पाय पोटाकडे वाकवायला गेलो तर मांडी आपोआप बाहेर फिरली. खुब्याच्या चेंडूखालची वाढीची चकती सरकली होती. तीन आठवडे तो माझ्या सांगण्यावरून त्याच पायावर शाळेत चालत जात होता. ऑपरेशन झालं, स्क्रू टाकला, पण पहिल्या दिवशी पकडलं असतं तर सरकणं कमी झालं असतं हे ऑर्थोवाल्या मित्राने मला तोंडावर सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं गं. त्यामुळे गुडघा दुखतो म्हणून आलेल्या प्रत्येक पोराचा खुबा आतल्या बाजूला फिरवून बघ, दोन्ही बाजूंची तुलना कर. एक्सरे दोन्ही खुब्यांचा, समोरून आणि बाजूनेही, कारण सुरुवातीला समोरच्या फिल्ममध्ये चुकवतं. शंका आली की पोराला चालत पाठवायचं नाही, उचलून गाडीत. चार ते आठच्या वयात, मुलात जास्त, असंच न दुखता लंगडणं दिसलं तर पर्थिस (खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटतो तो आजार) डोक्यात आण.

ताप आणि लंगडणं एकत्र आलं तर त्या दिवशीची बाकीची ओपीडी गेली खड्ड्यात. सर्दी होऊन गेल्यावर तीन-आठ वर्षांच्या पोराचा खुबा चार दिवस धरतो आणि आपोआप सुटतो, हे खूप बघशील, पण साडेअडतीस सेल्सिअसच्या वर ताप, पाय टेकवतच नाही, ईएसआर (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) चाळीसच्या वर, पांढऱ्या पेशी बारा हजारांच्या वर, यातलं जेवढं जास्त तेवढा सांध्यात पू असण्याचा संशय जास्त. "दोन दिवस अँटिबायोटिक घेऊन बघू" हे तिथे बोलायचं नाही, त्या दोन दिवसांत कूर्चा खलास होते.

आणि स्टेरॉइड. तालुक्याच्या गावात पोराच्या सांधेदुखीला बेटनेसॉल देऊन नाव कमावणारे तुला भेटतील, दुसऱ्या दिवशी पोर उड्या मारतं, आई खूश. पण हाडं दुखतात, चेहरा पांढरा पडलाय, अंगावर निळे डाग, रात्री वेदनेने उठतं अशा पोरात ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, असू शकतो आणि स्टेरॉइडने तो काही दिवस झाकला जातो, मग निदानच बिघडतं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) आधी, तेही मशीनच्या भरवशावर नको, पॅथॉलॉजिस्टला फोन करून स्लाइड बघायला सांग.

सगळंच असं भयंकर नाही गं. आईने गर्दीत एसटीत चढताना हात धरून खेचलं आणि दोन वर्षांची पोर तेव्हापासून हात हलवत नाही, लोंबकळत ठेवलाय, "हात उतरला" म्हणून सगळं घर रडत येतं. पडलेली नाही, सूज नाही याची खात्री कर (पडली असेल तर आधी एक्सरे, कोपराच्या फ्रॅक्चरशी खेळायचं नाही, आणि मालिशवाल्याकडे तर अजिबात नको). मग पोरीला आईच्या मांडीवर बसव, कोपर एका हाताने धर, अंगठा कोपराच्या बाहेरच्या बाजूला, आणि मनगट पालथं करत पूर्ण फिरव. अंगठ्याखाली कट् लागतं. पोर एकदा किंचाळते, मग गप्प. पाच-दहा मिनिटांनी त्याच हाताने तिला चॉकलेट घ्यायला लाव, घेतलं की आजी तुला नमस्कारच करते. फी मात्र घे.

फेंगडे पाय घेऊन येणाऱ्या आज्या रोज येतील. दोन वर्षांपर्यंत धनुष्यासारखे, तिसऱ्या-चौथ्याला गुडघे एकमेकांना घासतात, सातव्यापर्यंत सरळ, हे कागदावर काढून दाखव. पण एकच पाय वाकलेला असेल, किंवा दोन नंतरही वाढतच असेल, तर मनगटं चाचप, जाड लागली तर मुडदूस. तिथे मनगटाचा एक्सरे, रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज, आणि व्हिटॅमिन डीबरोबर कॅल्शियम. नुसत्या डीचे सॅशे देतात सगळे, कॅल्शियम विसरतात, आणि डीचं सहा लाख युनिटचं इंजेक्शन तर एकजण देतो, दुसरा परत देतो, मग उलट्या आणि बद्धकोष्ठ घेऊन पोर तुझ्याकडे.

एक अजून. पाच वर्षांचा मुलगा सारखा पडतो, पोटऱ्या पैलवानासारख्या, आणि कुणीतरी एसजीपीटी (लिव्हरसाठी बघतात ते एन्झाइम) वाढलं म्हणून लिव्हरचं टॉनिक चालू केलंय. त्याला जमिनीवर मांडी घालून बसव आणि उठ म्हण. स्वतःच्याच गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत वर चढला की लिव्हर सोड, दुखणं स्नायूंचं असेल, सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) पाठव. एसजीपीटी स्नायूतूनही येतं.

नवजात बाळाची वाकडी पावलं मात्र थांबायची गोष्ट नाही, पहिल्या आठवड्यातच पोन्सेटी पद्धतीच्या, पाऊल हळूहळू सरळ करणाऱ्या प्लास्टरला पाठव, दर आठवड्याला एक, साधारण पाच-सहा, मग चार वर्षं रात्रीचे बूट, तिथेच घरचे कंटाळतात. पैसे नाहीत म्हणाले तर आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ती सरकारी योजना २०१३ ला आपल्या पालघरातूनच सुरू झाली, क्लबफूट (हीच वाकडी पावलं) तिच्यात आहे.

बाहेर खोकण्याचे आवाज सुरू झाले, थांबतो. तुझ्या त्या पोराला आज परत बोलव, चप्पल आणि पॅन्ट काढून दारापासून टेबलापर्यंत दोनदा चालव, उड्या मारायला लाव, खुबे फिरव, छाती ऐक. पेनिसिलिन तोवर कपाटात राहू दे. आईची परवानगी घेऊन चालण्याचा व्हिडिओ पाठव, चेहरा नको, पाय फक्त. दुपारी जेवताना बघतो.