डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा ५० ओमचा रेझिस्टर) लावला तरी रेडिओच्या अँटेना ट्यूनरचा मीटर एसडब्ल्यूआर (पॉवर किती परत येते त्याचं माप, आदर्श १) १.५ दाखवतो. मीटरमधला ब्रिज (पुढे जाणारी आणि परत येणारी पॉवर मोजणारं सर्किट) कॅलिब्रेट कसा करायचा?

आधी ट्यूनर बायपासवर टाका, म्हणजे सिग्नल ट्यूनिंगच्या सर्किटमधून न जाता सरळ लोडला जाईल. तसं केलं नाही, तर ब्रिजला ५० ओम दिसतच नाहीत, आणि बहुतेकांची चूक इथेच होते.

मग चांगला ५० ओमचा डमी लोड, १४ मेगाहर्ट्झ, साधारण १० वॉट कॅरियर (आवाज नसलेला सलग सिग्नल). रिफ्लेक्टेड (परत येणाऱ्या पॉवरच्या) बाजूचा ट्रिमर, म्हणजे जुळवणीचा छोटा कपॅसिटर, प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने हळूहळू फिरवा आणि काटा अगदी शून्याला आणा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर नको, तो जवळ नेताच रीडिंग हलतं. नंतर २८ आणि ३.५ मेगाहर्ट्झवरही शून्य टिकतंय का, ते बघाच.

पॉवरचा प्रीसेट (पॉवरचं रीडिंग जुळवायचा छोटा व्हेरिएबल रेझिस्टर) शून्य जमल्यावरच लावा. ५० ओमवर १० वॉट म्हणजे ऑसिलोस्कोपवर शिखर ते शिखर सुमारे ६३ व्होल्ट. हे ७ मेगाहर्ट्झवर मोजलेलं बरं. १०० वॉटच्या स्केलसाठी मात्र पूर्ण पॉवरवर, खात्रीच्या वॉटमीटरशी ताडून प्रीसेट लावा, कारण कमी पॉवरला डायोडमुळे काटा कमीच दाखवतो. कॅरियर काही सेकंदच ठेवा, डमी लोड तापतो.

शेवटी ५० ओमचे दोन लोड टी-कनेक्टरने समांतर जोडा, म्हणजे २५ ओम. मीटरने २ दाखवायला हवं. तरीही १.५ च्या आसपास अडकला, तर ब्रिजमधले दोन्ही डायोड तपासा. ते एकाच जातीचे, जुळणारे लागतात.