बांधावरचा पिंगळा रानपिंगळा असेल का?

प्रश्न: नमस्कार सर, आमचं शेत मोहोळजवळ आहे, बांधावरच्या कडुलिंबाच्या ढोलीत एक छोटं घुबड राहतंय आणि ते भरदिवसा बाहेर बसलेलं दिसतं. पुतण्या म्हणतो हा रानपिंगळा, लय दुर्मिळ आहे. खरंय का? आणि असला तर आपण काय करायचं? – एक वाचक, मोहोळ

उत्तर: काका, तो बहुतेक साधा ठिपकेवाला पिंगळा असणार. दिवसा दिसला म्हणजे रानपिंगळाच असं नाही, साधा पिंगळाही ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो. डोकं बघा, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं असेल तर साधा. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतातच, शेपटीवर मात्र रुंद पांढरे पट्टे असतात.

शिवाय तो जंगलातला पक्षी, सातपुडा, मेळघाट, तानसा असल्या सागाच्या रानात राहणारा, आपल्या सोलापूरच्या माळावर त्याचं काय काम! १८८४ नंतर तो सापडेचना, संपला असंच सगळे धरून चालले होते, त्यात एका ब्रिटिश कर्नलनं म्युझियममधला जुना नमुना ढापून त्यावर १९१४ सालचं गुजरातचं खोटं लेबल लावलं, मग शोधणारे भलत्याच जागी फिरत बसले. शेवटी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. आजही तो धोक्यात आहे, कारण जंगल तुटतंय आणि ढोली असलेली जुनी झाडं जातायत. मेळघाटात कधी गेलात तर गाईडला मोबाईलवर त्याचा आवाज वाजवायला सांगू नका, पक्षी पिल्लं सोडून भांडायला येतो. फोटो मिळालाच तर नेमकी जागा टाकू नका.

पण तुमच्या पिंगळ्याचं काय? त्याला पण तेच लागतं की, ढोली आणि उंदीर. कडुलिंब वाळला तरी तोडू नका, आणि उंदराच्या गोळ्या टाळा, कारण विष खाल्लेला सुस्त उंदीर पिंगळा सहज उचलतो आणि मग तोही मरतो. दिवाळीच्या आसपास कुणी मांत्रिकासाठी घुबड मागत आला तर सरळ १९२६ वर वनविभागाला फोन करा, घुबड पकडणं-विकणं गुन्हा आहे. (तो ओरडला की अपशकुन वगैरे घरात कुणी म्हणत असेल तर रात्रीत किती उंदीर खातो ते सांगा.)

पुतण्याला डोक्याचा स्पष्ट फोटो काढून पाठवायला सांगा, पण लांबून, ढोलीत मोबाईल घालून नाही.