बोरच्या नोंदींचं सॉफ्टवेअर करताना तेलविहिरीच्या रिपोर्टिंगमधून काय घ्यावं?

भाऊ, तुमच्या दारव्हा भागात बोरच्या दोन गाड्या चालतात, नोंदी वहीत आणि एक्सेलमध्ये आहेत, आणि तेलविहिरींच्या ड्रिलिंग रिपोर्टिंग सॉफ्टवेअरमध्ये माहिती कशी लावतात, असं तुम्ही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यातलाच. मेहसाण्याकडे तेलाच्या रिगवर आहे, रोजचा रिपोर्ट भरतो.

तुमची एक्सेलची एक ओळ म्हणजे एक बोर असणार. तिथूनच अडचण सुरू होते. ओपनवेल्स घ्या की वेलव्ह्यू, आमच्या या रिपोर्टिंग सॉफ्टवेअरमध्ये माहिती एकाखाली एक टांगलेली असते. विहिरीखाली वेलबोअर, म्हणजे प्रत्यक्ष पाडलेलं छिद्र. ही दोन वेगळी ठेवावीच लागतात. खाली पाइप अडकला आणि निघालाच नाही, तर सिमेंटचा प्लग मारून वरून बाजूला नवीन छिद्र काढतात, त्याला साइडट्रॅक म्हणतात. विहीर तीच, छिद्र दुसरं. गट तोच राहून पोटहिस्सा पडावा तसं. जुन्या छिद्राची खोली आणि सर्व्हे (छिद्र कुठल्या दिशेला, किती तिरकं गेलं त्याची मापं) जुन्याच्याच नावावर राहतात, नव्यात मिसळत नाहीत.

दुसरी फांदी कामाची. ड्रिलिंग हे एक काम, काही वर्षांनी केलेलं वर्कओव्हर, म्हणजे जुन्या विहिरीची दुरुस्ती, हे दुसरं. प्रत्येकाची सुरुवात, शेवट आणि खर्च वेगळा, आणि रोजचा रिपोर्ट त्या कामाखाली येतो. तुमच्याकडे जुना बोर खोल केला किंवा फ्लशिंग केलं, तर बोर तोच ठेवा आणि काम नवीन उघडा.

रोजच्या रिपोर्टचा जीव वेळेच्या ओळींत असतो. 02:30 ते 04:00, खोली 1842 मीटर, सर्क्युलेशन (पंपाने विहिरीत मड फिरवणं), त्यापुढे कामाचा कोड आणि दोन वाक्यं. अशा ओळींची बेरीज बरोबर 24 तास यायलाच हवी. पंप बिघडून रिग उभी राहिली, तर तो वेळ एनपीटी, म्हणजे वाया गेलेला वेळ, म्हणून वेगळ्या कोडात जातो. हे कोड नीट भरले, तर विहीर संपल्यावर किती तास कशात गेले ते आपोआप निघतं. नुसतं वर्णन लिहून ठेवलं, तर कुणाला तरी बसून वाचत काढावं लागतं. बिट (दगड फोडणारं टोक), केसिंग (छिद्रात बसवलेला पाइप), मड (ड्रिलिंगचा चिखल) यांचे तक्ते वेगळे असतात आणि क्रमांकाने जोडलेले असतात; एकच बिट तीन दिवस चाललं, तरी त्याची माहिती तीनदा भरायची नसते.

आता खोलीचं. माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यायची. आम्ही खोली रिगच्या फ्लोअरवरून, म्हणजे पाइप फिरवणाऱ्या रोटरी टेबलपासून मोजतो, जमिनीपासून नाही. ते टेबल जमिनीपासून किती उंच आणि जमीन समुद्रसपाटीपासून किती उंच, हे विहिरीच्या मूळ नोंदीतच असतं. पुढे वर्कओव्हरला कमी उंचीची रिग आली, तर तोच थर तिच्या मापात वेगळ्या आकड्यावर दिसतो. शून्य कुठे धरलं हे लिहिलेलं नसेल, तर पर्फोरेशन (तेल आत यावं म्हणून केसिंगला पाडलेली भोकं) भलत्याच ठिकाणी होऊ शकतं. विहीर तिरकी असेल, तर पाइपच्या लांबीने मोजलेली खोली आणि सरळ उभी खोली हे दोन आकडे वेगळे ठेवतात.

तुमच्या वहीत बहुतेक असं असेल: ‘240 फूट, केसिंग 40, पाणी दोन इंच.’ पाणी कितव्या फुटाला लागलं? दोनदा लागलं असेल, तर दोन ओळी हव्यात, प्रत्येकीत खोली आणि किती इंच ते. थरांचाही ‘पासून–पर्यंत’ असा वेगळा तक्ता करा: माती, मुरूम, काळा दगड, मधला लाल थर. आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये पाणी मुख्यतः झिजलेल्या आणि भेगाळलेल्या भागात सापडतं, त्यामुळे शेजारच्या वावरात गाडी लावण्याआधी हाच तक्ता कामी येईल. केसिंग जमिनीवर दीड-दोन फूट उघडं राहतं, म्हणून सगळी मापं जमिनीपासून घ्यायची की पाइपच्या तोंडापासून, हे एकदाच ठरवून दोन्ही गाड्यांच्या ऑपरेटरना सांगा.

आणि शेतकऱ्याच्या नावाला बोरची ओळख करू नका. वावर विकलं जातं, वाटण्या होतात. प्रत्येक बोरला स्वतःचा क्रमांक द्या आणि मोबाइलवरून अक्षांश-रेखांश घ्या. गाव, गट नंबर आणि मालक ही त्या क्रमांकाखालची माहिती, बदलली की नुसती दुरुस्त करायची.