आईला अल्झायमर टेन्शनमुळे झाला का? बातमीतला 'पेशींवरचा ताण' म्हणजे नक्की काय?

तुम्ही लिहिलंय की आईचं वय ७१, मागच्या महिन्यात अल्झायमरचं निदान झालं, बातमीत वाचलं की 'सेल्युलर स्ट्रेस'मुळे मेंदूच्या पेशी मरतात, आणि भाऊ म्हणतोय की दोन वर्षांपूर्वी तू तिला गावाहून पुण्याला आणलंस, ते टेन्शन तिला झेपलं नाही म्हणून हे झालं. हे खरं आहे का, आणि यावर काम करणारे लोक रोज नक्की करतात काय, असे तुमचे दोन प्रश्न.

पहिल्याचं उत्तर आधी देते. नाही, तुम्ही पुण्याला आणलं म्हणून आईला अल्झायमर झालेला नाही. मी अकरा वर्षं याच विषयावर काम करतेय, आधी परदेशात आणि आता बंगळुरूला, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. या आजारात मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रोटीन साचायला सुरुवात होते ती लक्षणं दिसायच्या साधारण १५-२० वर्षं आधी. म्हणजे आई पन्नाशीत होती, स्वतः बाजारहाट करत होती, तुमचं शिक्षण-लग्न बघत होती, तेव्हाच आत कुठेतरी हे चालू झालेलं असणार. दोन वर्षांपूर्वीचं घर बदलणं त्या हिशोबात बसतच नाही.

माझ्या मावशीचं सांगते. तिलाही मुलाने कोल्हापूरहून स्वतःच्या फ्लॅटवर आणलं आणि वर्षभरात ती रस्ते विसरायला लागली, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारायला लागली, आणि सगळे नातेवाईक एका सुरात, 'गाव सोडायला लावलं ना म्हातारीला'. माझा मावसभाऊ तेव्हा अक्षरशः खचला होता. मग कोल्हापूरचं घर रिकामं करायला आम्ही गेलो. मावशीला जुनी कॅलेंडरं स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर पसरायची सवय, त्यावर डबे. डबे उचलले तर खाली दहा-बारा वर्षांची कॅलेंडरं निघाली आणि प्रत्येक तारखेच्या चौकोनात तिच्या अक्षरात दुधाचा हिशोब, एक लिटर, दीड लिटर, खाडा. जुन्या वर्षांचा हिशोब एकदम चोख. पण घर सोडायच्या पाच वर्षं आधीच्या कॅलेंडरवर एकाच तारखेला दोनदा दूध लिहिलेलं, महिन्याची बेरीज तीन वेळा खोडलेली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तर काही महिने बेरीजच नाही. ही बाई शाळेत गणित शिकवायची. तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण तिने सांगितलं नव्हतं आणि घरात बघायला कुणी नव्हतं. मुलाने आणल्यावर ते दिसलं एवढंच.

नवीन जागेत गोंधळ जास्त उघड होतो हे मात्र खरं. जुन्या घरात हात सवयीने चालतात, डोळे मिटून चहाचा डबा सापडतो, नवीन किचनमध्ये तो आधार जातो. त्यामुळे भावाला जे दिसलं ते त्याने खोटं सांगितलं असं नाही, क्रम तेवढा उलटा लावला.

आता बातमीतला स्ट्रेस. हा शब्दच घोळ करतो. आपण टेन्शन म्हणतो त्याचा आणि या स्ट्रेसचा अर्थ वेगळा आहे, इथे ताण येतो तो एकेका पेशीच्या आत. पेशीत प्रोटीन बनतं तेव्हा ते लांब दोऱ्यासारखं असतं, त्याची नीट घडी पडली तरच ते कामाचं. मेंदूच्या पेशीला बाहेरच्या आवरणावर जी प्रोटीनं लागतात त्यांच्या घड्या पेशीतल्या एका भागात घातल्या जातात, शाळेच्या पुस्तकात आपण 'आंतर्द्रव्यजालिका' म्हणून पाठ केला होता ना, तोच. ते इस्त्रीचं दुकान आहे असं समजा. लग्नसराईत कपड्यांचा ढीग साचला की इस्त्रीवाला काय करतो? नवीन कपडे घेणं थांबवतो, मदतीला माणूस बोलावतो, आणि जे वाया गेलंय ते बाजूला काढतो. पेशी हेच तिन्ही करते. नवीन कपडे थांबवायचं काम पर्क नावाच्या प्रोटीनकडे असतं, ते दुसऱ्या एका प्रोटीनला (ईआयएफ-२ अल्फा) फॉस्फेटची टिकली लावतं आणि ती टिकली लागली की पेशीतलं बहुतेक प्रोटीन बनणं मंदावतं. ढीग उपसला की टिकली निघते, दुकान परत चालू.

ही यंत्रणा सापडली ती साध्या यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवतो त्या यीस्टमध्ये. जपानचे काझुतोशी मोरी आणि अमेरिकेतले पीटर वॉल्टर यांच्या टीम्सनी १९९३ मध्ये, वेगवेगळ्या काम करून, ढिगाची खबर देणारं पहिलं प्रोटीन शोधलं आणि २०१४ मध्ये दोघांना मिळून लास्कर पुरस्कार मिळाला. त्यांच्या डोक्यात तेव्हा अल्झायमर वगैरे काही नव्हतं, आणि मला स्वतःला ही गोष्ट फार आवडते.

अल्झायमरशी संबंध कुठे येतो, तर २००५ मध्ये नेदरलंडमधल्या संशोधकांनी अल्झायमरने गेलेल्या लोकांच्या मेंदूत बघितलं तेव्हा ढीग साचल्याची ही धोक्याची घंटा तिथे वाजत असल्याच्या खुणा दिसल्या. घंटा तासाभरासाठी वाजली तर पेशी वाचते, पण वर्षानुवर्षं वाजत राहिली तर प्रोटीन बनणंच मंद पडलेलं राहतं, आणि आठवण पक्की व्हायला नवीन प्रोटीन लागतं. हे १९६० च्या दशकात बर्नार्ड अॅग्रानॉफ यांनी चक्क गोल्डफिशवर दाखवलं होतं, माशांना शिकवलं, लगेच प्युरोमायसिन नावाचं प्रोटीन थांबवणारं औषध टोचलं, तर मासे शिकलेलं काही दिवसांत विसरले.

तेच प्युरोमायसिन आज माझ्या लॅबच्या फ्रीजमध्ये आहे, आणि इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चालू होतं. आम्ही उंदराच्या न जन्मलेल्या पिल्लांच्या मेंदूतला आठवणींचा भाग, हिप्पोकॅम्पस, काढून त्यातल्या पेशी छोट्या काचांवर वाढवतो. दोन-तीन आठवडे लागतात त्यांना एकमेकींना फांद्या जोडायला, आणि दर तीन-चार दिवसांनी त्यांचं खाद्य अर्धं बदलावं लागतं, रविवार असो की गणपती. मग काही पेशींना आम्ही मुद्दाम ताण देतो, ट्युनिकामायसिन नावाचं औषध घालून, त्याने घड्या बिघडतात. शेवटची दहा मिनिटं अगदी थोडं प्युरोमायसिन घालायचं, ते नवीन बनणाऱ्या प्रोटीनमध्ये जाऊन अडकतं आणि मग त्यावरून त्या दहा मिनिटांत किती प्रोटीन बनलं ते मोजता येतं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो निघतो, जितकं नवीन प्रोटीन तितका काळा रंग, आणि त्यात नीट पेशींच्या प्रोटीनची रांग वरपासून खालपर्यंत काळीभोर आणि ताण दिलेल्या पेशींची फिकट. मी हे शेकडो वेळा बघितलंय तरी ती फिकट रांग दिसली की मला अजूनही मावशीचे ते बेरीज नसलेले महिने आठवतात. त्यानंतर प्रश्न हा की काय घातल्यावर ती रांग परत काळी होते, आणि त्याने पेशीचं दुसरं काही बिघडतं का. माझं बहुतेक आयुष्य या दुसऱ्या भागात जातं.

कारण ही घंटा बंद करणं सोपं नाहीये. इंग्लंडमध्ये जोव्हाना मॅलूची यांच्या टीमने २०१३ मध्ये प्रायॉन आजार (चुकीच्या घडीच्या प्रोटीनमुळे मेंदू झिजतो तो) झालेल्या उंदरांना पर्क थांबवणारं औषध तोंडाने दिलं, मेंदूच्या पेशी वाचल्या, जगभर बातम्या झाल्या, पण उंदरांचं वजन घटलं आणि साखर वाढली, कारण स्वादुपिंड दिवसभर प्रोटीन बनवतं आणि त्यालाही हीच घंटा लागते. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एरिक क्लान यांच्या टीमने अल्झायमरच्या उंदरांमध्ये मेंदूतलं पर्कच काढून टाकलं तर त्यांची आठवण सुधारली. वॉल्टर यांच्या लॅबमधून आयएसआरआयबी नावाचा रेणू निघाला तोही २०१३ चाच, तो टिकली काढत नाही, टिकली असतानाही काम चालू ठेवतो. अल्झायमरच्या उंदरांवर त्याचा काही लॅब्जना फायदा दिसला, काहींना अजिबात नाही. आणि माणसांचं म्हणाल तर याच धर्तीच्या दोन औषधांच्या एएलएस या दुसऱ्या आजारावरच्या (यात स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी मरतात) ट्रायल्सचे निकाल २०२५ च्या सुरुवातीला आले, दोन्हींत आजार मंदावला नाही. त्या दिवशी आमच्या लॅबमध्ये दुपारी कुणी जेवायला उठलं नाही.

इस्त्रीच्या दुकानाची उपमाही एका जागी तुटते. अल्झायमरमध्ये अमायलॉइडचे गोळे पेशींच्या बाहेर साचतात आणि टाऊ प्रोटीनचा गुंता पेशीच्या आत, पण दुकानाच्या बाहेर. मग दुकानातली घंटा का वाजते? यावर आमच्यात खरोखर वाद आहेत आणि मी आत्ता त्यावरच काम करतेय.

त्यामुळे तुमच्या आईसाठी आज या संशोधनातून औषध निघालेलं नाही. ट्राझोडोन नावाची डिप्रेशनवरची जुनी गोळी २०१७ मध्ये उंदरांत उपयोगी दिसली होती, ते वाचून लोक मला विचारतात की आईला सुरू करू का. स्वतःच्या मनाने कृपया करू नका, या वयात त्याने झोप येऊन, बीपी उतरून माणूस पडतो. अमायलॉइड काढणारं लेकॅनेमॅब नावाचं औषध आहे, सुरुवातीच्या टप्प्यात १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी कमी झाली, पण मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो म्हणून वारंवार एमआरआय लागतात. आईला लागू आहे का ते न्यूरॉलॉजिस्टच सांगतील, विचारा नक्की.

आणि टेन्शनचा काहीच संबंध नाही का, तर आईला तुमच्या दोघांच्या भांडणाचा त्रास होतो, झोप उडते, त्या दिवशी गोंधळ वाढतो, हे आहेच. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या १४ गोष्टी दिल्यात, त्यात कमी ऐकू येणं आहे, डायबेटिस, बीपी, डिप्रेशन, एकटेपणा आहे. घर बदलणं त्यात नाही. उलट आई गावात एकटी राहत असेल तर तुमच्याकडे येऊन तिचं एकटेपण कमीच झालं. कान तपासले नसतील तर या आठवड्यात तपासा, ऐकू आलं नाही की गोंधळ दुप्पट दिसतो. बी-१२ आणि थायरॉइडही झालं नसेल तर करून घ्या.

भावाला हे उत्तर दाखवा आणि दोघं मिळून गावच्या घरी एक चक्कर मारा. भिशीची वही, दुधाचा हिशोब, हळदीकुंकवाची यादी, बँकेच्या पासबुकावरच्या सह्या, जे सापडेल ते तारखेनुसार लावा आणि पुढच्या अपॉइंटमेंटला घेऊन जा. सुरुवात कधीपासून झाली हे डॉक्टर विचारतातच, आणि घरातल्या माणसांच्या अंदाजापेक्षा तिच्या हातचं अक्षर जास्त नेमकं सांगतं.