‘हिल टाउन’ला गिरिस्थान म्हणावं का?

प्रश्न असा आहे: इटलीतल्या ‘चिविता दी बान्योरेज्यो’वरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘हिल टाउन’साठी ‘गिरिस्थान’ चालेल का, आणि गावाचं टोपणनाव ‘मरणारा देश’ असं द्यावं का?

दोन्ही नकोत. गिरिस्थान म्हटलं की मराठी वाचकाला थंड हवेचं ठिकाण दिसतं. माथेरान ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी 1850 मध्ये हवापालटासाठी पाहिलं. चीविता वसवली रोमनांआधीच्या एत्रुस्कन लोकांनी, अडीच हजार वर्षांपूर्वी, आणि उंचीचा उपयोग होता बचावासाठी. तिच्यासाठी साधं ‘डोंगरमाथ्यावरचं गाव’ चांगलं. त्याहून नेमकं हवं तर गडकिल्ल्यांच्या वर्णनातला ‘सोंड’ शब्द घ्यावा. हे गाव सुट्या टेकडीवर नव्हतं, पठाराच्या सोंडेवर होतं. मधली धार झिजली आणि गाव बाजूला पडलं. आज शेजारच्या बान्योरेज्यो गावाहून तिथे जायला 1965 मध्ये बांधलेला, सुमारे 300 मीटर लांबीचा पादचारी पूल आहे. 2013 पासून तिथे प्रवेशशुल्कही आहे.

टोपणनावाचं मूळ ‘इल पाएझे के मुओरे’. ‘पाएझे’चे अर्थ दोन, देश आणि गाव. इथे गावच. आपल्याकडेही ‘देश’ म्हणजे राष्ट्रच असं नव्हतं, कोकणाच्या जोडीला घाटमाथ्यावरचा मुलूख तो देश, म्हणून तर देशस्थ. पण आजचा वाचक ‘मरणारा देश’ वाचून इटलीच मरायला टेकली असं समजेल. ‘मरणपंथाला लागलेलं गाव’ लिहावं.

‘चीविता’त पहिला स्वर दीर्घ हवा, कारण आघात तिथे आहे. लॅटिन ‘कीविटास’ म्हणजे नगर, त्याच्या प्रथमेच्या रूपातून ‘चीविता’ आलं आणि द्वितीयेच्या ‘कीविटातेम’मधून शहरासाठीचा रोजचा इटालियन शब्द ‘चित्ता’. नाव नगराचं असूनही आज वस्ती मूठभर आहे, कारण 1695 च्या भूकंपानंतर बिशपचं पीठ आणि नगराचा कारभार शेजारच्या बान्योरेज्योत गेला. संत बोनाव्हेन्तुरा यांचा जन्म याच चीवितातला, तेराव्या शतकातला.

‘बान्योरेज्यो’तला ‘ज्यो’ मात्र तसाच ठेवा. इटालियनमध्ये तिथला य ऐकू येत नाही हे खरं, पण ‘जो’ लिहिलं की मराठी माणूस तो ‘जो-तो’मधल्या ‘जो’सारखा दंततालव्य वाचतो. मूळ उच्चार तालव्य, ‘जीभ’मधल्या ‘ज’सारखा आहे. एवढ्यासाठी य ठेवायला हरकत नसावी.

भाषांतरात सगळ्यात जास्त चुका होतात खडकाच्या शब्दात. इटालियन ‘तूफो’ म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा घट्ट झालेला खडक, मराठी भूशास्त्रात ‘टफ’. ‘टुफा’ हा निराळा, झऱ्यांच्या पाण्यातला चुना साचून झालेला. इंग्रजी मजकुरातच कधी कधी या दोघांची अदलाबदल झालेली असते. ती तशीच उतरवली, तर गाव चुनखडीवर उभं आहे असा समज होतो. वास्तविक वरचा थर बोल्सेना सरोवराच्या परिसरातल्या ज्वालामुखींचा टफ आहे आणि त्याखाली समुद्रतळाशी साचलेली चिकणमाती.

आणि म्हणूनच ‘गाव खचतंय’ हे अर्धवट ठरतं. ओढे खालून पायथा कातरतात, पावसाने चिकणमातीची धूप होते, ओली माती घसरते. मग उभ्या भेगा पडलेला वरचा टफ निराधार होतो आणि कडा ढासळतो. धूप मातीची, झीज खडकाची. खचणं म्हणजे जागच्या जागी खाली बसणं, ढासळणं म्हणजे कडेचा भाग सुटून पडणं. इथे बांध फुटल्यासारखं सगळं एकदम कोसळत नाही, कडेची घरं एकेक करून जातात. म्हणून ‘चीविता कडेकडेने ढासळते आहे’ हे वाक्य बरोबर. आजूबाजूच्या ‘कालान्की’ला ‘घळी’ म्हणावं. पाण्याने कोरलेल्या, मधे धारदार वरंबे राहिलेल्या मातीच्या त्या घळी आहेत, आणि गावाभोवतीच्या दरीचं नाव ‘घळींची दरी’ असं सहज होतं.